नाव ठेवावे, पण जपून!

घरात मूल जन्माला आले की नावावरून जेवढा खल होतो, तेवढाच संगणकाच्या राज्यातही होतो. तिथेही काही नावे 'मोठ्यांची' असतात. ती चुकून घेतली तर काय घोटाळे होतात, त्याची ही हकिकत.

आपल्या जुन्या घरांतून एक चाल होती. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे. बारशाच्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितले, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, सारे यथासांग पार पडले. खरी पंचाईत पुढे सुरू व्हायची. नाव तर सासऱ्यांचे! सुनेने ते उच्चारायचे कसे? पोर जरा मोठे होऊन खोड्या करू लागले की त्याच्यावर ओरडायची सुद्धा सोय नाही. 'विनायका, कान उपटीन' असे माजघरात म्हणावे, तर ओसरीवरून खाकरण्याचा आवाज यायचा. मग त्या पोराचा बाळ व्हायचा, बंडू व्हायचा, नाना व्हायचा आणि पाळण्यातले नाव शाळेच्या दाखल्यापुरते उरायचे.

ही युक्ती कोणी कायदा करून काढलेली नव्हती. एका घरात एक नाव दोघांना लागू झाले की हाक कोणाला मारली हे कळत नाही, आणि दोघांपैकी एकजण वडीलधारा असला की धाकट्याने बाजूला सरायचे, एवढेच साधे तत्त्व त्यामागे होते.

आता गंमत अशी की, अगदी हेच तत्त्व आज संगणकाच्या प्रोग्रामांतून पाळावे लागते. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत हल्ली दर दोन घरांआड कोणी ना कोणी या व्यवसायात आहे. मुलगा, सून, भाची, शेजारचा बंड्या. रात्री जेवणाचे ताट निवत ठेवून ही मंडळी पडद्याकडे डोळे लावून बसतात. 'काय रे, एवढे काय अडले आहे?' असे विचारावे, तर 'नावाचा घोळ आहे, आई' असे उत्तर येते. आईला वाटते, पोरगा टाळतो आहे. पण तो बहुधा खरे बोलत असतो.

दुभाष्याचे शब्दभांडार

प्रोग्राम म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांचा खलिता. तो लिहिताना प्रत्येक गोष्टीला नाव द्यावे लागते. पगाराचा आकडा ठेवायचा त्या खणाला एक नाव, व्याजाच्या दराला दुसरे, हिशेब करून देणाऱ्या तुकड्याला तिसरे. ही नावे लिहिणाराने आपल्या मर्जीने ठेवायची असतात. हा खलिता यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा जो दुभाषा, त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाषा फार कुशल, पण अरसिक. त्याला संदर्भ कळत नाही, फक्त अक्षरे कळतात.

या दुभाष्याला काही शब्द जन्मापासून पाठ असतात. 'इफ' म्हणजे जर, 'एल्स' म्हणजे नाहीतर, 'रिटर्न' म्हणजे उत्तर घेऊन परत ये. हे शब्द त्याच्यासाठी राखीव. आपल्या खणाचे नाव 'इफ' ठेवले, तर तो 'जर' समजून पुढच्या अटीची वाट पाहत बसणार आणि शेवटी खलिता तोंडावर फेकणार.

अगदी सुरुवातीला सगळ्यांनीच असे शब्द राखून ठेवले होते, असे मात्र नाही. 1957 साली जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयबीएम 704 या यंत्रासाठी फोरट्रान ही भाषा तयार केली. तिच्यात एकही शब्द राखीव नव्हता. 'इफ' नावाचा खण खुशाल ठेवा, संदर्भावरून समजून घेण्याची जबाबदारी दुभाष्याची! तिथे निर्बंध होता तो वेगळाच. नाव सहा अक्षरांत बसले पाहिजे, आणि इंग्रजीतल्या आय ते एन या सहा अक्षरांपैकी एकाने ते सुरू झाले तर त्यात पूर्णांक आहे असे धरले जाई. बाकीची अक्षरे दशांश आकड्यांची, म्हणजे त्यांच्या परिभाषेत 'रिअल'. यावरून त्या लोकांत एक विनोद रूढ झाला: देव 'रिअल' आहे, निराळे जाहीर केले नाही तर! इंग्रजीत देवाचे नाव 'जी' या अक्षराने सुरू होते ना, म्हणून.

1964 च्या सुमारास आलेल्या पीएल-वन या भाषेनेही हेच औदार्य दाखवले. तेव्हा काही खट्याळ लोकांनी 'जर', 'तर' आणि 'नाहीतर' याच नावांचे खण करून 'जर जर बरोबर तर, तर तर बरोबर नाहीतर' अशा धर्तीची वाक्ये रचून दाखवली. दुभाष्याला ती कळत, माणसाला कळत नसत! याच्या उलट कोबोल. 1959 साली जिची आखणी सुरू झाली, त्या व्यापारी भाषेने शेकडो शब्द आपल्याकडे राखून ठेवले. बिचाऱ्या लेखनिकाला नाव सुचावे आणि ते नेमके यादीत निघावे, असे रोजचे चालायचे. म्हणून कोबोलवाले प्रत्येक नावामागे एखादे उपपद लावून मोकळे होत.

राखीव जागा, पण उतारू नाही

आपल्या एसटीच्या गाडीत 'विधानसभा सदस्यांसाठी राखीव' अशी पाटी असलेले एक आसन असते. त्या आसनावर खरोखरच विधानसभा सदस्य बसलेले किती जणांनी पाहिले असतील? पाटी मात्र शाबूत. भाषांच्या राज्यातही अशी आसने आहेत.

डेनिस रिची याने अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत 1972 च्या आसपास 'सी' नावाची भाषा घडवली. आजची बहुतेक यंत्रणा या भाषेच्या किंवा तिच्या लेकीबाळींच्या जिवावर चालते. 1978 साली ब्रायन कर्निहन आणि रिची यांनी या भाषेवर पुस्तक लिहिले. त्यातल्या राखीव शब्दांच्या यादीत 'एंट्री' असा एक शब्द होता आणि तो सध्या कशासाठीच नाही, पुढेमागे लागेल म्हणून ठेवला आहे, अशी सरळ नोंद होती. तो उतारू कधी आलाच नाही. पुढे अमेरिकेच्या प्रमाणीकरण समितीने ती पाटी काढून टाकली.

जावा भाषेत तर आजही 'गोटू' आणि 'कॉन्स्ट' हे दोन शब्द राखीव आहेत. त्यांना त्या भाषेत कामच नाही. कोणी वापरले तर दुभाषा लगेच अडवतो, इतकाच त्यांचा उपयोग. सी भाषेकडून आलेला माणूस सवयीने ते लिहून बसला, तर त्याला स्पष्ट समज मिळते.

रेघेच्या पलीकडचा डबा

राखीव शब्दांची छापील यादी असली की प्रश्न सोपा. यादी पाठ करावी, ती नावे टाळावीत. 1989 च्या प्रमाण सी भाषेत अवघे 32 शब्द होते, ते कोणीही आठवड्यात पाठ करील. पण अडचण आजच्या शब्दांची नसते. पुढच्या पिढीत जे शब्द लागतील, त्यांचे काय?

ज्या भाषेत लक्षावधी प्रोग्राम लिहून झाले आहेत, तिच्यात एक नवा शब्द राखीव करणे म्हणजे जुन्या वस्तीतून रस्ता काढण्यासारखे आहे. कोणाचे तरी घर आड येणारच. समितीने उद्या एखादा साधासुधा शब्द उचलला, तर ज्यांनी ज्यांनी तो आपल्या खणाला दिला असेल, त्यांचे चालते प्रोग्राम एका रात्रीत बंद!

यावर सी भाषेच्या समितीने नामी तोड काढली. तिने एक एक शब्द न मागता वस्तीच्या कडेचा मोकळा पट्टाच राखून घेतला. इंग्रजी टंकलेखन यंत्रावर शब्द अधोरेखित करण्यासाठी एक आडवी रेघ असते, तिला अंडरस्कोअर म्हणतात. नियम असा: ज्या नावाच्या आरंभी अशी रेघ आणि लगोलग मोठे म्हणजे कॅपिटल अक्षर असेल, किंवा आरंभीच दोन रेघा असतील, ते नाव सदासर्वदा कंपायलर आणि त्याच्यासोबतच्या ग्रंथालयासाठी राखीव. सामान्य लिहिणाराने तिकडे फिरकायचे नाही. एक रेघ आणि पुढे लहान अक्षर असेल, तर ते नाव आपल्या एखाद्या तुकड्याच्या आत चालेल, मात्र फाईलच्या दर्शनी भागी, सगळ्यांना दिसेल असे लावता येणार नाही. सी-प्लस-प्लस या थोरल्या लेकीचे सोवळे त्याहून कडक. तिथे लागोपाठ दोन रेघा नावात कुठेही आल्या, अगदी मधे सुद्धा, तरी ते नाव राखीव.

वाचकांना वाटेल, एवढी भीती कशाची? ती समजायला 'हेडर' म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. पडद्यावर अक्षरे छापणे, वर्गमूळ काढणे, शब्दाची लांबी मोजणे ही नित्याची कामे करणारे तुकडे तयार मिळतात. ते कसे वापरायचे याची जाहीर यादी म्हणजे हेडर. प्रोग्रामच्या डोक्यावर 'अमुक हेडर घे' असे लिहिले, की त्या हेडरमधला सारा मजकूर जसाच्या तसा तिथे उतरवला जातो. आपल्याला तो दिसत नाही, पण दुभाष्यासमोर तो आपल्या मजकुराला चिकटूनच वाचला जातो.

त्यात आणखी एक सोय आहे. 'जिथे जिथे साइज हा शब्द येईल, तिथे तिथे 10 हा आकडा लिही', अशी आज्ञा देता येते. तिला मॅक्रो म्हणतात. हा मॅक्रो म्हणजे आंधळा कारकून. त्याला आपले-परके कळत नाही. आता समजा, आपण ही आज्ञा दिली आणि तिच्याखाली एक हेडर घेतले. त्या हेडरच्या लेखकानेही कुठेतरी 'साइज' हेच नाव वापरले असले, तर? कारकून मुकाट्याने त्याचेही 10 करून टाकील. जिथे नाव हवे तिथे आकडा आला, सबब दुभाषा चूक दाखवणार. आणि दाखवणार ती कोणत्या फाईलमध्ये? जी आपण लिहिलेली नाही, कधी उघडूनही पाहिलेली नाही, तिच्यात! नवशिक्याची रात्र जाते ती इथे.

म्हणून हेडर लिहिणारे लोक आपली आतली नावे दोन रेघांनी सुरू करतात. 'साइज' नव्हे, '__साइज'. आणि आपण दोन रेघांच्या वाटेला जायचे नाही. दोन्ही बाजूंनी करार पाळला, तर त्यांचे नाव आपल्याला लागत नाही आणि आपले त्यांना.

हा करार काही हेडरांनी पाळला नाही, त्याची उदाहरणे आजही पाहायला मिळतात. विंडोजच्या मुख्य हेडरमध्ये 'निअर' आणि 'फार', म्हणजे जवळ आणि दूर, असे दोन मॅक्रो आहेत. सोळा-बिटी यंत्रांच्या काळात स्मृतीतल्या जवळच्या आणि लांबच्या पत्त्यांसाठी ते शब्द लागत. ती यंत्रे गेली, पण जुने प्रोग्राम चालावेत म्हणून मॅक्रो ठेवले, आणि त्यांची किंमत केली शून्य. आता चित्रांचे खेळ तयार करणारा एखादा तरुण दृश्याच्या जवळच्या आणि दूरच्या कडेला साहजिकच 'निअर' आणि 'फार' अशी नावे देतो, आणि ती नावे दुभाष्यापर्यंत पोचायच्या आत हवेत विरून जातात! त्याच घरच्या आणखी एका हेडरमध्ये 'स्मॉल' या शब्दाच्या जागी 'कॅर', म्हणजे अक्षर साठवण्याचा प्रकार, लिहिण्याची आज्ञा आहे. लिनक्सवरच्या जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरमध्ये, वेगळे सांगितले नाही तर, 'लिनक्स' आणि 'युनिक्स' या दोन्ही शब्दांच्या जागी 1 हा आकडा बसतो. डेव्हिड कॉर्न या गृहस्थांनी याच एक्याचा उपयोग करून 1987 साली एक ओळीचा असा चक्रावून टाकणारा प्रोग्राम लिहिला, की दुर्बोध सी लिहिण्याच्या स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळाले.

'बूल'ची पंचवीस वर्षे

राखून ठेवलेला पट्टा किती कामी आला, याची सर्वांत चांगली साक्ष 'बूल' या शब्दाची आहे.

मूळच्या सी भाषेत 'खरे' आणि 'खोटे' यांसाठी निराळा प्रकारच नव्हता. शून्य म्हणजे खोटे आणि बाकी काहीही म्हणजे खरे, असा व्यवहार होता. पण माणसाला स्पष्ट लिहायला आवडते. म्हणून ज्याने त्याने आपापल्या घरी 'बूल' नावाचा प्रकार तयार केला. जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या नावावरून हा शब्द आला. एकाने तो पूर्णांकाच्या मापाचा केला, दुसऱ्याने अक्षराच्या. घराघरांत बूल, पण एकाचा दुसऱ्याला बसत नाही, अशी तऱ्हा.

1999 साली समितीने खऱ्याखोट्याचा अधिकृत प्रकार द्यायचे ठरवले. शब्द सर्वांनाच माहीत होता. तो सरळ राखीव केला असता, तर घरोघरचे बूल एका दमात बेकायदा ठरले असते. तेव्हा समिती आपल्या राखीव पट्ट्यात गेली आणि तिथून '_बूल' हे नाव उचलले: आधी रेघ, मग कॅपिटल बी. हे नाव नियमाने कोणीच घेतलेले नव्हते. ज्यांना साधा 'बूल' हवा असेल, त्यांच्यासाठी एक लहानसे हेडर दिले. ते घेतले की 'बूल' म्हणावे आणि '_बूल' मिळवावे. ज्यांच्या घरी जुना बूल होता, त्यांनी ते हेडर घेऊ नये. कोणाचे काही मोडले नाही.

पुढे दोन तपे लोटली. नवे लिहिणारे सर्रास ते हेडर घेऊ लागले, जुने बूल हळूहळू निवृत्त झाले. तेव्हा कुठे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणात, ज्याला 'सी-23' म्हणतात, 'बूल' हा शब्द रेघेवाचून, उजळ माथ्याने भाषेत दाखल झाला. पंचवीस वर्षे थांबून!

आणि तरीही काही घरे उरलीच होती. 2025 साली जीसीसीची पंधरावी आवृत्ती निघाली आणि तिने नवे प्रमाण हेच नेहमीचे मानले. लगेच कितीतरी जुने प्रोग्राम तिच्यापुढे अडून बसले, कारण त्यांत तो जुना घरगुती बूल होता. उपाय अवघड नव्हता. जुन्या प्रमाणाने वाच, असे कंपायलरला सांगितले की झाले. पण सांगायला माणूस तर हवा! वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या प्रोग्रामचा कर्ता कुठे असेल, काय करीत असेल, कोणास ठाऊक. खुद्द रिची 2011 सालीच वारला. त्याच्या भाषेत लिहिलेले खलिते अजून चालताहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना वाली नाही.

राखीव डब्यातलेच भांडण

एवढ्याने सारे सुरळीत होते, असे म्हणता आले असते, तर बरे झाले असते. पण राखीव डब्यातही एकाच आसनावर दोघांचा दावा लागू शकतो.

त्या पट्ट्यावर हक्क कोणाचा? 'कंपायलर आणि त्याच्यासोबतचे ग्रंथालय' यांचा. ही दोन्ही एकाच कारखान्यात तयार होत असतील, तर ठीक. पण लिनक्सवर कंपायलर एका मंडळीचा असतो, ग्रंथालय दुसऱ्या मंडळींचे. 2009 साली अॅपल कंपनीने आपल्या मॅक यंत्रांसाठी सी भाषेला 'ब्लॉक' नावाची नवी जोड दिली आणि तिच्यासाठी '__ब्लॉक' हा शब्द घेतला. दोन रेघा, म्हणजे हक्काचा. ही जोड क्लँग या कंपायलरमधून लिनक्सवरही येऊन पोचली. तिथल्या जीलिबसी या ग्रंथालयाच्या एका अगदी नित्याच्या हेडरमध्ये, गुप्तलेखन करणाऱ्या एका तुकड्याच्या ओळीत, '__ब्लॉक' हेच नाव कित्येक वर्षांपासून नांदत होते. तेही दोन रेघांचे, तेही हक्काचे! दोघांनीही नियम पाळला होता. तरी ब्लॉकची सोय चालू करून ते हेडर घेतले, की गाडी ठप्प.

शेवटी ग्रंथालयाने माघार घेतली आणि आपल्या नावात स्वतःचे आडनाव घातले: '__जीलिबसी_ब्लॉक'. चाळीत दोन कुलकर्णी झाले की एक 'जिन्याजवळचे कुलकर्णी' होतात, त्यातलाच प्रकार. जीसीसीच्या सी-प्लस-प्लस ग्रंथालयाची मंडळी तर आता एक यादीच बाळगून असतात. नाव राखीव असले, आपल्या हक्काचे असले, तरी अमुक यंत्रणेत ते आधीच कोणी घेतले आहे, सबब वापरू नका, अशा नावांची ती यादी.

ज्यांनी पट्टा राखला नाही

ज्या भाषांनी कडेची मोकळी जागा ठेवली नाही, किंवा ठेवूनही वापरली नाही, त्यांना गावातूनच रस्ता काढावा लागला. पायथन भाषेने 2015 साली 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन शब्द आणले. एकदम राखीव न करता तीन वर्षे त्यांना अर्धवट मोकळे ठेवले, मधल्या आवृत्तीत सूचनाही दिली. 2018 च्या जूनमध्ये 3.7 ही आवृत्ती निघाली आणि ते शब्द पूर्ण राखीव झाले. सूचना असूनही अनेक नामांकित संच अडखळले. सेलेरी नावाच्या संचाच्या एका भागाचे नावच 'असिंक' होते. ते बदलून 'असिंक्रोनस' करावे लागले. सूचना छापली म्हणून ती वाचली जातेच असे नाही, हे नोटीस बोर्ड पाहणाऱ्या कोणत्याही सोसायटीच्या चिटणीसाला ठाऊक आहे!

त्याच वर्षी जावास्क्रिप्टच्या दरबारी आणखी मजेदार प्रकरण घडले. याद्यांतल्या याद्या सपाट करण्याची सोय भाषेत द्यायची होती, तिचे नाव ठरले 'फ्लॅटन'. पण मूटूल्स नावाच्या एका जुन्या संचाने हेच नाव आपल्या कामासाठी आधीच घेतलेले होते, आणि भाषेने ते घेताच त्या संचावर उभी असलेली संकेतस्थळे बिघडू शकतात, असे दिसून आले. संकेतस्थळ जुने असले, तरी कोणाच्या तरी रोजच्या उपयोगाचे असते. समितीत बराच काथ्याकूट झाला. कोणी थट्टेने 'स्मूश' असे नाव सुचवले, म्हणजे आपल्याकडे 'चेंदामेंदा' म्हणावे तसे. अखेर 'फ्लॅट' या नावावर तडजोड झाली. पाहा, तीन अक्षरे कापली आणि जुनी संकेतस्थळे वाचली.

नियम मोडणारे सभ्य लोक

आता थोडे अप्रिय बोलायला हवे. रेघांचा हा नियम जगात सर्रास मोडला जातो, आणि मोडणारे अडाणी नसतात.

कारण साधे आहे. नवशिका माणूस उत्तम लिहिणाऱ्यांचे पाहून शिकतो. तो कंपायलरसोबतची हेडरे उघडतो, तिथे जिकडेतिकडे रेघाच रेघा पाहतो आणि समजतो की कसलेल्या लोकांची हीच रीत असावी. मग आपल्या हेडरच्या डोक्यावर, ते दोनदा उतरवले जाऊ नये म्हणून जे संरक्षक नाव लिहायचे, तेही तो रेघेने आणि कॅपिटल अक्षराने सुरू करतो. म्हणजे 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी पाहून आपल्याही घराच्या दारावर तशीच पाटी लावण्यासारखे झाले!

आणि शिक्षा? बहुधा काहीच होत नाही. कंपायलर अडवत नाही, प्रोग्राम वर्षानुवर्षे चालतो. क्लँगला 2021 पासून मुद्दाम विचारले, तर तो इशारा देतो. न विचारल्यास गप्प. दंड होतो तो फार पुढे, कंपायलर बदलला किंवा यंत्र बदलले की. तोवर नाव ठेवणारा दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो आणि निस्तरणे येते नव्याने रुजू झालेल्या मुलीच्या वाट्याला.

समितीनेही कुठे कुठे अति केले होते, हे कबूल करायला हवे. शब्दांवर काम करणाऱ्या तुकड्यांची नावे सी भाषेत 'एस-टी-आर' या तीन अक्षरांनी सुरू होतात, स्मृतीवर काम करणाऱ्यांची 'एम-ई-एम' या अक्षरांनी. जुन्या काळी सगळ्यांना दिसणाऱ्या नावांची पहिली सहाच अक्षरे जमेस धरली जातील एवढीच हमी होती, म्हणून ही नावे अशी आखूड. पुढे आणखी तुकडे घालता यावेत, म्हणून समितीने या आद्याक्षरांनी सुरू होणारी सारी नावेच भविष्यासाठी राखून ठेवली. शिवाय 'आय-एस' आणि 'टी-ओ' यांचीही. परिणाम असा, की काटेकोर बोलायचे तर बेरीज करणाऱ्या तुकड्याला 'टोटल', सभासदाच्या तुकड्याला 'मेंबर' किंवा रस्त्याच्या तुकड्याला 'स्ट्रीट' हे नाव ठेवणेही वर्ज्य होते! एवढे सोवळे कोण पाळणार? कोणीच पाळले नाही. म्हणून सी-23 मध्ये या नावांना 'संभाव्य राखीव' असा सौम्य दर्जा दिला. उद्या खरोखरच त्या नावाचा तुकडा कंपायलरसोबत आला, तर नाव सोडा, तोवर वापरा. न पाळला जाणारा नियम कागदावर ठेवण्यापेक्षा हे बरे.

आणि आपली देवनागरी?

ही सगळी नावे इंग्रजीच का, असा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. तर आता तसे बंधन नाही. 2008 साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून खणाला 'पगार', 'व्याज', 'शिल्लक' अशी देवनागरी नावे देता येतात. 1999 च्या प्रमाण सी भाषेनेही नावांत चालणाऱ्या अक्षरांच्या यादीत देवनागरीला जागा दिली होती. 'इफ' आणि 'एल्स' मात्र इंग्रजीच राहतात.

यात एक अनपेक्षित सुख आहे. या भाषांचा एकही राखीव शब्द देवनागरीत नाही. म्हणून कोणत्याही समितीने उद्या कोणताही शब्द उचलला, तरी आपला 'पगार' आपल्यापाशीच राहील. शिवाय देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे 'रेघ आणि कॅपिटल अक्षर' हा नियम तिला लागूच होत नाही. दोन रेघांचा मात्र होतो. उलट बाजूने, शुद्धलेखनाच्या मास्तरांचे राज्य सुरू होते. एकदा 'किंमत' ऱ्हस्व लिहिली आणि दुसऱ्यांदा दीर्घ, की दुभाष्याच्या लेखी त्या दोन निराळ्या वस्तू. तिथे अर्धा गुण कापून भागत नाही!

नोकरीत मात्र बहुधा इंग्रजी नावेच वापरावी लागतात, कारण तोच खलिता बंगलोरच्या आणि बर्लिनच्या माणसानेही वाचायचा असतो. अशा वेळी अनुभवी लोक जो सल्ला देतात, तो आपल्या परंपरेला अगदी जवळचा आहे. आरंभी रेघ नकोच. नाव पुरते लिहा, दोन अक्षरांत उरकू नका. आणि सगळ्यांना दिसणाऱ्या प्रत्येक नावाला आपल्या संचाचे आडनाव लावा. कर्ल नावाचा प्रसिद्ध संच आपली नावे 'कर्ल_' असे म्हणून सुरू करतो, एसक्यूलाइट 'एसक्यूलाइट3_' असे म्हणून. शब्द राखीव असल्यामुळे तो वापरता येत नसेल, तर पायथनवाले शेवटी एक रेघ जोडतात. शेवटची रेघ कोणाच्या हद्दीत जात नाही.

तेव्हा या दिवाळीत लाडूचिवड्याचे ताट घेऊन तुम्ही घरातल्या त्या पडद्यापाशी जाल आणि 'नावाचा घोळ आहे' असे उत्तर मिळेल, तेव्हा एवढेच विचारा: 'नावाच्या आधी रेघ मारली आहेस का रे?' मारली असेल, तर चिवडा थोडा वेळ बाजूला ठेवून ती तेवढी काढायला लावा. कंपायलर नवा येईल, तेव्हा त्या जागेवर जो कोणी बसलेला असेल, त्याची एक रात्र वाचेल.